भट्टी गॉबनेटला देण्याबाबत

मी, डिम्फना मॅकहेल, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा कुंभारकाम, राहणार ग्लानदारा, मेयो परगणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. शेजारी फिन्टन याला शंका आहे, पण त्याचे मत कोणी विचारलेले नाही.

१. घर व मागचे कुरण माझा भाचा कॉलम याला. तो ते उन्हाळ्यात पर्यटकांना देणार, हे मला ठाऊक आहे. त्यांना मी घडवलेल्या बशांतच जेवायला वाढावे. साच्यातून काढलेला, पर्यटकांसाठी तिपानी शॅमरॉकचे चित्र छापलेला एकही मग घरात आल्यास कुरण फिन्टनच्या गाढवाकडे जाईल.

२. फिन्टनला लोण्याचा मोठा रांजण. "डिम्फे, पाझरतो गं हा," असे म्हणत तो दरवर्षी उसना न्यायचा आणि सहा वर्षांपूर्वी नेलेला अजून आणलेला नाही. आता आणू नये.

३. चाक, भट्टी, मातीचा हौद व झिलईची वही माझी धाकटी बहीण, म्हणजे कॉलमची आई, गॉबनेट हिला. यावर कोणाचीही हरकत चालणार नाही, तिचीसुद्धा.

४. कलम तीनचे कारण. आमच्या सुरयांचा रंग हिरवट करडा, पाऊस उघडल्यावर समोरचा डोंगर दिसतो तसा. आई तो नेच्यांच्या राखेतून काढायची. सव्वीस वर्षांपूर्वी गॉबनेटने शेतातल्या एकट्या काटेरी झाडाची फांदी आणून जाळली. त्या झाडाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. रस्तासुद्धा वळसा घालून नेलेला आहे. त्याखाली 'ती मंडळी' राहतात; परीलोकातल्यांचे नाव आम्ही घेत नाही.

"वाऱ्याने पडलेली होती गं, मी नुसती उचलली," ती म्हणाली.

"उचललीस काय नि तोडलीस काय, त्या मंडळींना सांग," मी म्हणाले.

त्या राखेची झिलई देऊन नव्वद सुरया भाजल्या. भट्टी निवायला दोन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी उघडली, तर कमान तडकलेली आणि एक सोडून सगळ्या सुरया फुटलेल्या. फिन्टनची आई म्हणाली, "ज्या हाताने काटा आणला, त्या हातचं भांडं आमच्या घरात नको बाई." गावाने तेच धरले. गॉबनेट बंदरावरच्या कारखान्यात वीस वर्षे बांगडे साफ करत राहिली. तिच्याइतका हलका हात चाकावर मी कोणाचा पाहिलेला नाही.

झाडाचा काही संबंध नाही. रंग कसा आला ते पाहायला मला दम निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चला गेलेली असताना मी भट्टीच्या तोंडाच्या तीन विटा काढल्या. गार वारा आत शिरला आणि आतून तडकण्याचा आवाज आला. मी विटा परत लावल्या, हात धुतले आणि चर्चला गेले. वाचलेल्या सुरईचा रंग आईला आयुष्यात साधला नव्हता, मलाही नाही. मला गॉबनेटचा हेवा वाटला, म्हणून मी गप्प बसले. याची मला लाज वाटते.

५. माझ्या दफनानंतर कलम चार सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, पण चहाच्या आधी. चहा हातात आल्यावर आमच्या गावात कोणी ऐकत नाही.

६. इथवरचा मजकूर मी फिन्टनला वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे तू मेल्यावर तिला कळणार? मग बिचारीने शिव्या कुणाला घालायच्या, थडग्याला?" आणि तो गाडी काढायला गेला. सबब कलम पाच रद्द. कलम चार मी स्वतः वाचून दाखवणार आहे.

साक्षीदार :
फिन्टन गिल्डे. (साक्ष घातल्याने त्याचा रांजणावरचा हक्क जातो. रांजण त्याच्याकडेच आहे.)
असुम्प्ता रायली, टपालवाली, मागच्या सीटवरून.

दिनांक : १४ ऑक्टोबर २०१९, दुपार.
ठिकाण : गॉबनेटच्या फाटकासमोर, फिन्टनची गाडी. गॉबनेट दारात येऊन उभी आहे, म्हणून सही वाकडी आली आहे.

डिम्फना मॅकहेल