काजळचा फासा

प्रिय वैष्णवी,

रविवारी तुझ्याकडून लवकर निघाले तेव्हा माझं डोकं दुखत नव्हतं. खोटं बोलले. ते टोचत राहिलंय, म्हणून आधी तेवढं नीट करते.

आपल्या रविवारच्या खेळात तू गोष्ट सांगायला लागलीस आणि मी, दीपक, सनी आपापलं पात्र होऊन फासे टाकायला लागलो की तो गंगापूर रोडचा फ्लॅट नाहीसा होतो. दिंडोरीतल्या तुमच्या द्राक्षबागेत ड्रॅगन उतरवावा तर तूच. मी मात्र मांडीवर खेळाचं नियमपुस्तक घेऊन बसणारी. दीपक मला वकिलीणबाई म्हणतो. तू म्हणतेस, नियम म्हणजे मीठ गं, नुसतं मीठ कोण खातं? मीही हसते. पण मला अक्षरंच पप्पांनी शिकवली ती सापशिडीच्या डब्यावरचे नियम वाचायला लावून. आधी वाच, मग सोंगटी हलव. आमच्या मनमाडच्या क्वार्टरमध्ये आजोबांनासुद्धा यातून सूट नव्हती.

त्या दिवशी आपली टोळी नव्या गावात पोचली. माझं पात्र काजळ, दलदलीतल्या लोकांची वैद्यीण, तहानलेली, विहिरीकडे निघाली. तू आवाज बदलून पाटलीण झालीस. थांब गं ए, दोराला हात लावू नकोस, ओंजळ कर, वरून ओतते. सनी म्हणाला, काय वातावरण उभं केलंस यार. मी म्हणाले, अशी बंदी पुस्तकात कुठेच नाही, मला फासा टाकू दे, दोर ओढता येतो का बघू. तू म्हणालीस, राहू दे ना रोहिणी, त्यानेच तर जगाला चव येते. आणि काजळ ओंजळीने पाणी प्यायली, असं तूच सांगून मोकळी झालीस. फासा माझ्या मुठीतच राहिला.

माझी पणजी भीमाबाई पोरवयात काळारामाच्या दारापुढे सत्याग्रहाला बसली होती. पप्पा ते सांगताना आवाज चढवत नाहीत. एवढंच म्हणतात, पुढे कायदा झाला, तरी माणसं म्हणत राहिली, आमची रीत आहे. तुला त्या पाटलिणीच्या बोलण्यात चव लागली, त्यात तुझा वाईट हेतू नव्हता हे मला ठाऊक आहे. पण आमच्या घरात नियम कधी कोरडे वाटले नाहीत, ते का, हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

काल फोनवर, विहिरीचं मला लागलं हे ओळखून, तू जीव तोडून बोललीस. विहीर काढून टाकते म्हणालीस, आणि काजळला सरळ राजघराण्यात जन्माला घालू, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. मी बरं म्हणाले. तुला तोंडावर नाही म्हणायला मी घाबरते, म्हणून हे पत्र. नाही. विहीर राहू दे. पाटलीणही राहू दे, हवी तर तिच्या हातात काठी दे, सगळं गाव भोवती गोळा कर. तुला ते फार छान जमतं. पण काजळ दलदलीचीच राहील, आणि येत्या रविवारी ती दोराला हात घालील. काय होईल ते तू आधी सांगायचं नाहीस. मी फासा टाकीन. दान कमी पडलं तर मार खाईन, आणि पुढच्या डावाला पुन्हा त्याच विहिरीवर जाईन.

तुझीच, आणि न चुकता येणारी,
रोहिणी