रुखमाचा टेप

मूल
२४ ऑक्टोबर १९९६

ती. गुणवंतभाऊंस,
रुखमाचा सा. न. वि. वि.

इकडे हलका धान कापून झाला, उशिरा येणारा भारी अजून उभा आहे. दिव्यानी अभ्यास सोडून बाकी सगळं करते. मामाकडे पाठवा म्हणून रोज डोकं खाते.

आता खरं लिहिते. ह्यांच्या घशातली गाठ साधी नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्रच काढावं लागेल. माणूस वाचला तर वाचेल, पण आवाज राहणार नाही. दिवाळी झाली की ऑपरेशन आहे. नाटक मंडळातल्या लोकांना ह्यांनी काही कळू दिलेलं नाही. यंदाही नाटकांना आपणच विंगेत पोथी घेऊन बसणार आणि सगळ्यांना संवाद सांगणार, असं गावोगावच्या खेळांची सुपारी घेणाऱ्यांना कबूल करून बसले आहेत. इतकी वर्षं राजापासून शिपायापर्यंत सारे ह्यांच्या आवाजावर बोलले, आणि पब्लिकला ह्यांचं तोंडही ठाऊक नाही.

भाऊ, मला एक टेप घेऊन द्या. घरात गाणी ऐकायला पाहिजे असं मी ह्यांना सांगितलं आहे. पण आवाज भरता येईल असाच बघा. राजाचं नको न् राणीचंही नको, माझ्याशी घरात बोलतात तसं चार शब्द बोललेलं मला ठेवून घ्यायचं आहे. महागातला नको. निवड तुमची, मला त्यातलं काही कळत नाही.

वहिनींना नमस्कार, रोशनला आशीर्वाद. माहेरची माया अशीच राहू द्या.

तुमची
रुखमा

भद्रावती
२ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. रुखमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावर तिच्याच हातात दिलं. तो तंबाखूचा खर्रा सोडा असं इसरूजींना मी किती वेळा सांगितलं, आणि सांगताना त्यांच्याच पुडीतला खर्रा माझ्या तोंडात असायचा. आता बोलून काय उपयोग.

टेपचं ऐक. बस स्टँडजवळ नूर मोहम्मदचं दुकान आहे, तिथे काल ड्युटी सुटल्यावर गेलो. दोन कॅसेटवाला, लाल-हिरवे दिवे लागणारा एक मोठा डेक होता. माझा जीव त्याच्यावरच बसला. नूर मोहम्मद म्हणाला की तो लग्नाच्या मांडवात शोभेल, घरात नाही, शिवाय लाइन गेली की मुका. दुसरा स्वस्त होता, पण त्यात भरायची सोयच नव्हती, नुसता वाजणारा. मग तू लिहिलेलं मी त्याला सांगून टाकलं. तर त्याने उरलेले सगळे खाली काढले आणि प्रत्येकात मला बोलायला लावलं. एकात मी विहिरीतून बोलतो असं वाटलं, दुसऱ्यात सर्दी झाल्यासारखं. आपला आवाज असा आहे हे मला पहिल्यांदा कळलं. तुझी वहिनी माझं का ऐकत नाही तेही कळलं.

शेवटी एकाच स्पीकरचा, काळा, दांडीला धरून कुठेही नेता येईल असा घेतला. रेडिओ आहे, लाइनवर चालतो, सेलवरही चालतो. दिसायला काही खास नाही, पण त्यात माणूस माणसासारखा बोलतो. ही तुझी भाऊबीज समज, पैशाचं नाव काढू नको. रोशन घेऊन येईल. एसटीत तो मांडीवरून खाली ठेवायचा नाही, असं त्याला बजावलं आहे.

खचू नको. आम्ही सगळे आहोत.

तुझा भाऊ
गुणवंत

मूल
१७ नोव्हेंबर १९९६

ती. भाऊंस,
सा. न. वि. वि.

टेप पोचला. रोशनने खरंच मांडीवरून उतरवला नाही, पोराचे पाय मुंग्या येऊन लाकूड झाले होते. दिव्यानीने टेपला क्रोशाचं झाकणही विणलं.

आवाज भरायचा म्हटल्यावर हे आधी हसले. मग आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पोथी घेऊन बसले. दुपारपर्यंत कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. राजा बोलला, सेनापती बोलला, राणीने विलाप केला. घसा दुखत होता तरी कुठे अडले नाहीत. मी म्हटलं, आता आपलं काही बोला, माझ्याशी बोला. तर म्हणाले की एकाच घरात राहून बायकोशी डब्यातून काय बोलायचं. मी दुसरी कॅसेट लावून ठेवली. रोज म्हणते, रोज उद्यावर ढकलतात. मंडळाच्या दोन नाटकांत पोथी सांगून आले, तेव्हापासून आवाज घोगरा झाला होता, आणि परवापासून नुसती हवा येते.

भरलेली कॅसेट मी अजून ऐकली नाही. माणूस समोर असताना त्याचा आवाज पेटीतून कशाला ऐकायचा, असं वाटलं. दुसरी कोरीच राहिली. उद्या नागपूरला निघतो.

तुम्ही तिकडे या. मला धीर नाही.

तुमची
रुखमा

भद्रावती
२० डिसेंबर १९९६

चि. सौ. रुखमास,
आशीर्वाद.

ऑपरेशननंतर नागपूरच्या दवाखान्यातून परत आलो तेव्हापासून हातात पेन धरवत नव्हतं. इसरूजींनी पाटीवर लिहून माझ्या ड्युटीची चौकशी केली. मीही उत्तर पाटीवरच लिहून दिलं. त्यांना ऐकू येतं हे विसरूनच गेलो. ते हसले, म्हणून मीही हसलो.

डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं ते मी तुझ्यापासून लपवलं नाही. आजार खाली उतरला आहे. पुढे काय, ते तुलाही माहीत आहे. त्यांना खाऊ-पिऊ घाल, गाणी लाव. मला दुसरं काही सुचत नाही.

हवं ते कळव, लाजू नको.

तुझा
गुणवंत

मूल
९ फेब्रुवारी १९९७

ती. भाऊंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली पपई आणि दुधाची पावडर मिळाली. आता पातळसुद्धा उतरत नाही. मंडळाची माणसं येऊन बसून गेली. पोथीवर नवा मुलगा बसवला आहे. हे पाटीवर पाणी, उशी, दार एवढंच लिहितात.

सोमवारी ह्यांचा डोळा लागला असताना ती कॅसेट लावली. भाऊ, मी त्यात मला शोधत होते. सगळे होते, मी नव्हते. दुसऱ्या बाजूला राणीचा विलाप चालू असताना हे मध्येच थांबले, आणि आपल्या रोजच्या आवाजात ओरडले, "अवं, भात लागून राह्यला ना! कुठी ध्यान हाये तुयं?" आणि परत राणी रडू लागली.

त्या दिवशी मी चूल सोडून दारात ह्यांचंच ऐकत बसले होते. भात करपला, आणि ओरडले म्हणून मी दुपारभर फुगून होते.

मी तेवढंच मागे घेऊन परत परत ऐकलं. हे कधी जागे झाले कळलं नाही. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. पाटी मागितली, 'पुसून टाक' असं लिहिलं. आपल्यामागे बायकोवर खेकसलेलंच राहावं, हे त्यांना सोसेना. चांगलं काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, ओठ किती वेळ हलले. टेप समोरच होता. मी बटण दाबलं नाही. काय भरणार होतं?

कॅसेटच्या मागची खिट्टी तोडली की पुसली जात नाही, असं नूर मोहम्मदभाऊंनी रोशनजवळ सांगून पाठवलं होतं. मी ती विळ्याने तोडली.

आता हे झोपले की हळू आवाजात लावते. भात लागला म्हणतात, आणि मी दर वेळी उठून चुलीकडे जाते. चुलीवर काही नसतं.

वहिनींना नमस्कार. जमलं तर लवकर या, आणि माझ्यावर जीव असू द्या.

तुमची
रुखमा