वेशीवर अडकलेल्या बजरंगाबाबत

मी, परमेश्वर गहिनीनाथ घुले, वय तेवीस, शिक्षण बारावी अर्धवट, धंदा मोबाइल दुरुस्ती, राहणार दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. दडपण फक्त उद्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनचे आहे. डॉक्टर म्हणाले, "किरकोळ आहे." पोट त्यांचे नसल्यामुळे ते तसे म्हणू शकतात.

१. दुकानातली हत्यारे मावसबहीण सायली हिला. गिऱ्हाइकांचे मोबाइल ज्याचे त्याला. खोक्यातले स्क्रू आकारानुसार लावलेले आहेत, ते कोणीही एकत्र करू नयेत.

२. माझा संगणक व त्यावर मी बनवलेला 'बजरंगाची शेळी' हा गेमही सायलीला. गेम जुन्या पद्धतीचा आहे. चित्रातल्या वस्तूवर माउसने टिचकी मारली की गेमचा नायक बजरंग काहीतरी खवचट बोलतो आणि ती वस्तू खिशात घालतो. शिडी, घागर व जिवंत कोंबडा एकाच खिशात मावतात. कसे, ते विचारू नये. चित्रे मुद्दाम ठोकळ्याठोकळ्यांची आहेत.

३. माझा मित्र बिभीषण याने ती चित्रे पाहून चारचौघांत विचारले, "ह्यो कोंबडा हाय का वीट बे?" साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, अशी माहिती मी काढली आहे. म्हणून बिभीषणला साक्षीदार केले आहे.

४. गेम अपुरा आहे. बजरंगाची शेळी कपिलधारला पळाली आहे, पण गेममधल्या वेशीवर मनकर्णामावशी बसते. मला जिने लहानाचे मोठे केले तीच ही मावशी. आवाजही तिचाच भरला आहे. घराबाहेर निघालेल्याला "कुठं" विचारणे अपशकुनी, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तरी ती विचारतेच, "कुठं निघालास रे?" मग बजरंग घरी परत येतो, बसतो, पाणी पितो, पुन्हा निघतो. ती पुन्हा विचारते. मी तिला चहा पाजून पाहिला, कोंबडा देऊन पाहिला. मागच्या भिंतीवरून शिडी लावली, तर म्हणाली, "शिडी घिऊन कुठं?" उद्या माझे बरेवाईट झाले तर बजरंग जन्मभर पाणी पीत बसेल. सायलीने त्याला गावाबाहेर काढावे. एवढीच माझी शेवटची इच्छा आहे.

५. उद्या मी निघताना कोणीही मला "कुठं" विचारू नये. विशेषतः मावशीने.

पाचवे कलम मी मावशीला वाचून दाखवले. ती माझी दवाखान्याची पिशवी भरत होती.

"कावून इचारू? मला ठावं हाय की. येताना हिंग आण. डबीतला न्हाई, खडा."

"मावशी, माझं ऑपरेशन आहे."

"मंग? हिंगाला काय झालं? सुया बी आण. अन् चांगली चाळणी."

ती बराच वेळ सांगत राहिली. "कुठं" हा शब्द एकदाही आला नाही. मी तिचा आवाज तिथेच मोबाइलमध्ये भरला, गेममध्ये टाकला आणि वेशीवर बजरंगालाच आधी बोलायला लावले, "मावशी, येताना काय आणू?"

ती हिंगापासून सुरू झाली. बजरंग गावाबाहेर गेला.

६. सबब कलम ४ मधील इच्छा रद्द. शेळी मी परत आल्यावर स्वतः शोधीन. हिंग, सुया व चाळणी यांची जबाबदारी या मृत्युपत्रान्वये कोणाकडेही सोपवलेली नाही. ती माझ्याकडेच आहे.

सही: परमेश्वर गहिनीनाथ घुले

साक्षीदार:
१. बिभीषण मुंडे (वाचून सही केली. वीटच हाय.)
२. कचरू साळवे, शेजारी

दिंद्रुड, दि. १४ जुलै २०२५