मशाल मागे घसरली

लिलेहामर, रविवार

तीर्थस्वरूप गुनहिल्डताईस, धाकट्या ओडवारचा गारठलेला नमस्कार.

गुडघा कसा आहे? बर्गनचा पाऊस थांबला का? (उत्तर नको, ठाऊक आहे.) इकडे सगळे धडधाकट. फक्त काल गावाची अब्रू गेली.

हिवाळी ऑलिंपिक होऊन तीस वर्षं झाली, पण आपल्या गावातून ते अजून हललेलं नाही. वर्धापनदिनासाठी म्हाताऱ्यांनी स्वयंसेवकांची जॅकेटं कपाटातून काढली. (माझ्या जॅकेटाची चेन पोटापाशीच थांबते.) शर्यतीच्या त्याच वाटेवरून आम्ही जुन्या स्वयंसेवकांनी स्कीवर मशाल न्यायची, आणि शेवटचा टप्पा माझा, असं ठरलं. तुला माहीतच आहे, ऑलिंपिकच्या वेळी माझं काम गर्दी आवरायचं; म्हणजे तोंड गर्दीकडे, पाठ शर्यतीकडे. अख्खं जग लोटलं होतं आणि मी एकही शर्यत पाहिली नाही. निदान ती वाट एकदा पायाखालून जावी, एवढीच हौस होती.

सगळ्यांच्या स्कींना मेण लावायचं शेजारच्या टोरगायरने अंगावर घेतलं. ऑलिंपिकच्या वेळी कडाक्याची थंडी होती, म्हणून यानेही थंडीचंच मेण काढलं. म्हणाला, "वर्धापनदिन आहे ना? मग मेणही तेच!" बाहेर पागोळ्या गळत होत्या, आणि ओल्या बर्फावर ते मेण पकड घेत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण श्रमदानाला आलेल्या माणसाची चूक काढायची आपल्यात रीत नाही. सगळे गपचूप वॉफल खात राहिले. मीसुद्धा.

शिट्टी वाजली, पहिला चढ आला, आणि एक पाऊल पुढे टाकलं की दोन मागे. पुढचा मागच्यावर, मागचा त्याच्या मागच्यावर, असं करत अख्खी मिरवणूक मशालीसकट उलटी घसरत कॉफीच्या टपरीत शिरली. बँडवाले बिचारे स्वागताचं गाणं वाजवतच होते. टोरगायर अजून म्हणतो, "मेण बरोबर होतं, हवा चुकली!" मीही हसलो. पण घरी आल्यावर वाईट वाटलं, ताई. फार वाटलं.

येत्या शनिवारी पुन्हा प्रयत्न आहे. थंडीचं अजून नाव नाही.

भावजींना नमस्कार.

तुझा,
ओडवार

ता.क. बर्गनच्या चिखलबर्फाची टिंगल शनिवारपुरती बंद. तुमच्याकडचं ओल्या बर्फाचं चिकट मेण हवं आहे. टोरगायरला कळता कामा नये.

आणखी एक ता.क. मेण पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. तेव्हा तू दोरीपलीकडे माझ्यासमोर उभी होतीस. कोण पुढे, कोण मागे, ते मी तुझ्या तोंडाकडे बघून ओळखायचो. शनिवारी त्याच जागी उभी राहा. शेवटच्या टप्प्यावर मी एकटाच असेन, तरी पहिला येतोय असं तोंड कर.