समोरचा उजेड

प्रिय धाकट्या,

हे पत्र तुला मिळणार नाही, आईला तसा शब्द दिलाय.

परग्रहावरच्या बर्फात खड्डे पडतात आणि दर वर्षी त्यांच्या कडा मागे सरकतात. यानाने पाठवलेल्या फोटोंवरून मी ते मोजते. ताई पगार घेऊन भोकं मोजते, असं तू चिडवतोस. पण भोकं दिसायला ऊन तिरपं लागतं, तेव्हाच सावली पडते. ऊन वरून सरळ आलं की सगळं सपाट दिसतं. असले फोटो आम्ही बाजूला टाकतो.

रविवारी तुझा व्हिडिओ कॉल यायच्या आधी मी आईला खिडकीपासून हलवते आणि टेबलावरचा दिवा तिच्या अगदी तोंडासमोर ठेवते. गालांतले खड्डे दिसेनासे होतात. "आई, मस्त दिसतेस," म्हणून तू इकडे यायचं तिकीट पुढे ढकलतोस. फोन बंद झाला की ती म्हणते, "बघ, फसला गाढव." मग धाप लागून पडून राहते.

डॉक्टरांनी केव्हाच हात टेकलेत. तुला सांगू का विचारलं, की तिचं एकच पालुपद, "आत्ता कुठे नोकरी लागलीये त्याला, सगळं टाकून येईल."

आज तिने आरसा मागितला. मी दिवा समोर धरला, मग आणखी जवळ आणला. खड्डे दिसतच राहिले. तिने आरसा पालथा ठेवला.

"उद्या त्याला सांग, कॅमेरा बिघडलाय," ती म्हणाली. "आवाज अजून बरा आहे माझा."

तुझी,
ताई