गाडीला दिलेलं एरंडेल

रविवार, २२ ऑगस्ट २००४
आजपासून नियमित लिहिणार. सकाळी इंजिन टिकटिक करत होतं. ईरा म्हणाली, बाबा, गाडी आवाज करतो. व्याकरण सुधारलं नाही. पोरगी येत्या महिन्यात ग्लासगोला युनिव्हर्सिटीत चालली, आता काय सुधारणार?

दुपारी बॉनेट उघडून स्टेथोस्कोप लावला. लीड्सच्या हॉस्पिटलात पोटाचा कन्सल्टंट म्हणून हयात गेली, एका इंजिनाला काय घाबरायचं? निदान : किरकोळ. शेजारीण पडद्याआडून बघत होती.

मंगळवार, २४ ऑगस्ट
सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. म्हणजे ऑइलचं प्रेशर कमी. किंवा दिवाच खोटा. हे जास्त शक्य. उपचार पेशंटवर करा, मॉनिटरवर नको, असं मी ज्युनिअर्सना कायम सांगतो. डिपस्टिक मात्र रोज बघणार.

गुरुवार, २६ ऑगस्ट
डिपस्टिक राहिली. पाऊस होता.

शनिवार, २८ ऑगस्ट
सुनीतीचं एकच पालुपद : गॅरेजला दाखव, नाहीतर संजयला सांग. संजय म्हणजे तिचा मावसभाऊ, ब्रॅडफर्डचा. त्याची गाडी नवीन आहे आणि ते तो कुणाला विसरू देत नाही. बायकोला सांगितलं, ११ तारखेला ईराला मीच सोडणार, ह्याच गाडीतून.

ह्याच गाडीतून तिला शाळेत सोडायचो. तेव्हा सगळं सांगायची. कोण कुणाशी कट्टी, कुठली मिस रडली. हल्ली काहीही विचारलं की ‘फाइन’. लीड्स ते ग्लासगो तब्बल चार तास, आणि मोटरवेवर तिला उतरून जाता येणार नाही. मला तिच्याशी बोलायचंय. काय, ते ठरवायचंय.

रविवार, २९ ऑगस्ट
निदान बदललं. मळ! लहानपणी ताप असो की गणितात नापास, आमची आई रविवारी एरंडेल पाजायची. पोट साफ तर सगळं साफ. दुकानात इंजिन फ्लशची बाटली मिळाली, म्हणजे गाडीचं एरंडेलच. फार जुन्या इंजिनात वापरण्याआधी मेकॅनिकला विचारा, असं मागे बारीक अक्षरात होतं. असली पत्रकं पेशंटांनी वाचू नयेत, भलत्या शंका येतात. गाडीचं वय आणि आकार बघता डबल डोस दिला.

सोमवार, ३० ऑगस्ट. बँक हॉलिडे
डांबरासारखं ऑइल निघालं. नवं भरलं. टिकटिक बंद! सुनीतीला हाताला धरून बाहेर आणलं आणि ऐकवलं. ती म्हणाली, पण दिवा आता सारखाच लागलाय. बाईमाणसाला चांगलं काही दिसतच नाही. रेचानंतर थोडा अशक्तपणा येणारच.

रविवार, ५ सप्टेंबर
टिकटिक परतली. खरं तर आता ठकठक आहे. अजून अशक्तपणा. विश्रांती द्यावी म्हणून हॉस्पिटलला बसने जातोय.

शुक्रवार, १० सप्टेंबर
दिवा जात नाही. ईरा उगाच घाबरेल. बाथरूमच्या आरशावर सुनीतीच्या टिकल्या असतात, त्यातली एक मोठी, मरून रंगाची काढून दिव्यावर चिकटवली. झकास बसली. उद्या निघायचं.

शनिवार, ११ सप्टेंबर. संध्याकाळ, घरी
ठकठक झाकायला रेडिओ मोठा लावला होता. त्यामुळे बोलता येईना. स्किप्टन गेलं, म्हटलं पुढे बोलू. केंडल गेलं. शॅपच्या चढावर मोठा आवाज झाला आणि गाडी मोटरवेच्या कडेला, हार्ड शोल्डरवर कायमची थांबली.

बरोबर आलेल्या सुनीतीने डॅशबोर्डवरची टिकली नखाने काढली. खाली लाल दिवा. मग तिने टिकली स्वतःच्या कपाळाला लावली आणि संजयला फोन केला.

रिकव्हरीवाल्याने बॉनेटमध्ये डोकावून सांगितलं, सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला असणार, वर ऑइलच गेलं नाही. म्हणजे अडथळा. आतडं तुंबलेल्या पेशंटला एरंडेल देणाऱ्याला मी परीक्षेत बेधडक नापास करतो.

संजयच्या गाडीत ईराची दुलई, पुस्तकं, सुनीतीने दिलेला कुकर आणि त्या दोघी कशाबशा मावल्या. मला जागा नव्हती. ईराने काचेतून हात केला. वाऱ्यात काहीतरी म्हणाली, कळलं नाही. मग ते उत्तरेला गेले आणि मी रिकव्हरीच्या ट्रकमध्ये बसून उलटा लीड्सला आलो.

रविवार, १२ सप्टेंबर
सुनीती दुपारी परतली. म्हणाली, पोरगी वाटभर बडबडत होती, संजयला हसवून हसवून बेजार केलं. मी म्हटलं, नवीन गाडीत आवाज नसतो ना, म्हणून.

सात वाजता ईराचा फोन आला. मीच उचलला. सांगितलं, काल रस्त्यात तुझ्याशी थोडं बोलायचं होतं, ते राहिलं. ती म्हणाली, मग आता बोल ना बाबा, मला वेळ आहे, रूममध्ये कोणी नाही. आणि खरंच वाट बघत थांबली.

मी विचारलं, तिथे थंडी आहे का? ती म्हणाली, आहे थोडी.

मी फोन सुनीतीला दिला.