सत्यवानच्या गाडीचं गाऱ्हाणं

चिरंजीव सत्यवान,

भाईचे आशीर्वाद. तिकडे न्यूझीलंडात तू, प्राजक्ता आणि छोटी गौरजा खुशाल असाल असं धरून चालतो (धरूनच चालावं लागतं, कारण व्हॉट्सॲपवर तब्येत विचारली की तू नुसता अंगठा पाठवतोस). इकडे आईचे गुडघे होते तसेच आहेत, तुझ्या वहिनीची कंबर होती तशीच आहे. मी मात्र होतो तसा राहिलेलो नाही. त्याचं कारण खाली येईल. कागदावर लिहितोय, तुझी पुतणी सुनीती फोटो काढून पाठवील. बसून वाच.

बाबांच्या दिवसकार्यानंतर तू पहिल्यांदाच येतोयस, तोही नाताळात, म्हणजे ऐन जत्रेत. ते कळलं त्या दिवसापासून आईने तांदूळ वेगळे काढायला घेतले. मग तुझा निरोप आला, की भाई, एखादी जुनी गाडी घेऊन माझ्या नावावर कर, विमा उतरव, दोन महिने फिरू आणि जाताना विकून टाकू. परदेशात फिरणारे सगळे असंच करतात, एका दुपारचं काम. बाबा रे, ती दुपार गणपती गेल्यावर सुरू झाली, ती अजून कलायला तयार नाही.

गाडी मिळाली बांद्याला. तिथे धनेश म्हणून एक दलाल आहे, गोव्यातल्या जुन्या गाड्या आणून विकतो. त्याने मला चहा पाजून गाडीभोवती फिरवलं, दारं उघडून दाखवली, आधीचा मालक फक्त रविवारी चर्चला जायचा असं सांगितलं. मी तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, खोटं बोलणारी पोरं लांबून ओळखायचो. पण चहा चांगला होता. घरी येताना कळलं की गाडी डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजतो. उजवीकडे वाजत नाही. धनेशला फोन केला तर म्हणाला, मास्तर, सुरक्षिततेसाठी चांगलंच आहे. आपल्या घराकडे येणारी सगळी वळणं डावी आहेत हे तुला आठवत असेल. शेजारच्या शेवंतीची म्हैस अजून माझ्याकडे पाठ करून उभी राहते.

दुसऱ्या दिवशी देवबागला गेलो, कारण राहायला तिथेच खोली बघ असं तू कळवलं होतंस (घरात गौरजाला अडचण होईल म्हणून. असो). गाडीला नंबर अजून गोव्याचा. तारकर्लीचा फाटा ओलांडतो न ओलांडतो तोच पोरं धावत आली आणि काचेला तोंडं लावून हिंदीत विचारायला लागली, अंकल, रूम चाहिये, डॉल्फिन देखना है, पॅरासेलिंग. मी मालवणीत म्हटलं, मी हयचोच आसंय. तर एकजण म्हणाला, अंकल, मालवणी बरी शिकलास. सत्यवान, जन्म इथे गेला माझा. आपल्याच मुलखात पाव्हणा म्हणून उभं राहायला कसं वाटतं ते त्या दिवशी समजलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मग नोंदणी. गोव्याच्या कचेरीकडून ना-हरकत आणायची, इथला कर भरायचा, मग इथला नंबर. तिथवर सगळं रीतसर झालं. पण तुझ्या नावावर करायची तर तुझा पासपोर्ट तिकडचा, आणि इथल्या पत्त्याचा पुरावा शून्य. रेशनकार्डातून नाव तूच कमी करून घेतलंस, मतदारयादीत तू नाहीस, घरपट्टी माझ्या नावावर. खिडकीतल्या बाई बिचाऱ्या सज्जन होत्या. त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, ‘हे गृहस्थ या घरात राहतात का?’ सरळ प्रश्न होता. मी म्हटलं, राहायचा, राहील, त्याची खोली आहे, कपाटात शर्ट आहेत. बाई म्हणाल्या, आजोबा, राहतात की नाही तेवढंच सांगा. शेवटी गाडी माझ्या नावावर करायचा अर्ज दिला आणि बाहेर येऊन बाकावर बराच वेळ बसून राहिलो. उन्हाने असेल.

विम्याचं तर विचारूच नकोस. विमावाले म्हणतात आधी गाडी नावावर झाल्याचा कागद आणा, आणि नावावर करणारे म्हणतात आधी चालू विमा दाखवा. या दोन खिडक्यांच्या मधल्या रस्त्यावर माझी एक चप्पल कायमची गेली. अखेर धनेशच मोटारसायकलवर आला आणि दोन्हीकडे काय बोलला देव जाणे, संध्याकाळी गाडीचा कागद आणि विमा दोन्ही हातात. पॉलिसीवरही नाव माझंच. तू चालवू शकतोस, परवाना मात्र बरोबर आण.

आता खरा घोळ. नवी गाडी दारात आली की देवापुढे गाऱ्हाणं घालून मागणं मागायचं, हे तू विसरला नसशील. वाडीची गाऱ्हाणी घालणाऱ्या गंगारामला बोलावलं. मी त्याला स्पष्ट समजावलं होतं, की गाडी दोन महिन्यांपुरती आहे, तेवढ्यापुरतं माग. नारळ ठेवला, सगळी वाडी हात जोडून उभी, आणि गंगाराम सुरू झाला: ‘बा देवा म्हाराजा, तुझो झील सत्यवान परमुलखात आसा. ही गाडी ह्या घराक कायमची लाभान दी, आणि दर वर्सा त्येका बायल-पोरांवांगडा तुझ्या जत्रेक येवंदे रे म्हाराजा!’ आणि वाडी एका सुरात, ‘होय म्हाराजा!’ झालं. मी नंतर गंगारामला विचारलं, बाबा, हे मागे घ्यायचं कसं? गोव्याने ना-हरकत दिली तशी देवाकडून मिळते का? तो म्हणाला, त्याच्या हयातीत तरी कोणी मागितलेली नाही. आता तू ती गाडी विकणार कशी, आणि वाडीत तोंड दाखवणार कसं, तुझं तू बघ. मी थकलो.

प्राजक्ताला आणि गौरजाला आशीर्वाद. येताना जड सामान आणू नकोस, डिकीचं झाकण दोरीने बांधलंय.

तुझा,
भाई

ता. क. देवबागची खोली ठरवलेली नाही. मागच्या खोलीला चुना मारून, गौरजासाठी खुर्चीचा संडास बसवून घेतलाय. अडचण होणार नाही.

आणखी ता. क. गंगारामचा घोळ झाला असं वर लिहिलंय. गंगाराम गाऱ्हाण्यात घोळ घालत नाही. आदल्या दिवशी मीच त्याच्या घरी जाऊन काय मागायचं ते सांगून आलो होतो. आणि गाडी विकायला सही माझी लागते, ती मी करणार नाही.

शेवटचं. काल आई काठी टेकत येऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसली. सीटवरून हात फिरवला आणि मला विचारलं, ‘आता दर वर्सा येतलो मां तो?’

मी ‘होय म्हाराजा’ म्हणून बसलोय.